अनुदान, प्रदर्शन आणि प्रशिक्षण : कलावंतांनी व सांस्कृतिक समूहांनी अर्ज कसा करावा

कलावंताला कधी पैसा हवा असतो, कधी काम मांडायला जागा, कधी शिकवणारा गुरू, तर कधी नुसता निवांत वेळ. या चारही गोष्टी देणाऱ्या संस्था जगभर आहेत. मात्र चारही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाल्या असे क्वचितच घडते. पुष्कळ चांगले कलावंत आणि लोककलांच्या मंडळ्या या संधींपासून दूर राहतात. त्यांचे काम कुठे कमी पडते असे नाही. कोणत्या संधीसाठी कोणी, केव्हा आणि कोणत्या कागदांसह अर्ज करायचा, ही माहितीच त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. ती टप्प्याटप्प्याने मांडण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

अर्जाच्या प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. ही संधी स्वीकारल्यास पैसा कोणाकडून कोणाकडे जाणार आहे? खर्च आधी कोणाच्या खिशातून होणार आहे? आणि काम पूर्ण झाल्यावर त्यावरचे, त्याच्या छायाचित्रांवरचे व ध्वनिमुद्रणांवरचे हक्क कोणाकडे राहणार आहेत? संस्थेचे नाव कितीही मोठे असो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गरज एका वाक्यात लिहून काढा

जाहिराती शोधत बसण्यापूर्वी येत्या दीड-दोन वर्षांत आपल्याला नेमके काय करायचे आहे, हे एका वाक्यात लिहावे. ‘आम्हाला आमची कला पुढे न्यायची आहे’ हे वाक्य मनापासून लिहिलेले असले, तरी परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी समजा एका बाहुलीनाट्य मंडळीने असे लिहिले : ‘आमच्यातील तीन ज्येष्ठ कलावंतांना जे खेळ मुखोद्गत आहेत, ते वर्षभरात सहा तरुणांना शिकवायचे आहेत, त्यासाठी शिकवणाऱ्यांचे व शिकणाऱ्यांचे मानधन, बाहुल्यांसाठी लाकूड व कापड, आणि आठवड्यातून दोन दिवस तालमीची जागा हवी आहे.’ या एका वाक्यात माणसे, मुदत, साहित्य आणि हेतू असे सगळे आले. हीच गरज प्रशिक्षणाच्या अनुदानात बसते, प्रदर्शनाच्या निधीत बसत नाही, हेही त्यातूनच लगेच कळते. असे वाक्य जमेपर्यंत अर्जाला हात घालू नये.

पात्रतेच्या अटी शब्दशः वाचा

अर्ज बाद होण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत टाळता येण्याजोगे कारण म्हणजे अपात्रता. अटी वरवर वाचल्या की त्या सगळीकडे सारख्याच वाटतात, पण त्यांतील एकेका शब्दावर निर्णय फिरतो.

न्यूयॉर्कचे पोलॉक–क्रॅस्नर प्रतिष्ठान हे त्याचे चांगले उदाहरण आहे. चित्रकार ली क्रॅस्नर यांच्या इच्छेनुसार १९८५ मध्ये स्थापन झालेले हे प्रतिष्ठान जगातील कोणत्याही देशाच्या दृश्यकलावंताला अनुदान देते आणि निवड करताना कामाच्या गुणवत्तेबरोबर आर्थिक गरजही पाहते. मात्र हा निधी चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकार (ठशांवरून चित्रे छापणारे) आणि कागदावर काम करणारे कलावंत यांच्यापुरता आहे. छायाचित्रकार, व्हिडिओ कलावंत आणि हस्तकला करणारे कारागीर यांचे अर्ज तेथे विचारात घेतले जात नाहीत. न्यूयॉर्कमधीलच गॉटलिब प्रतिष्ठान वैयक्तिक अनुदानासाठी किमान २० वर्षांच्या परिपक्व कलासाधनेची अपेक्षा ठेवते. त्यांच्या आपत्कालीन मदतीसाठी ही अट १० वर्षांची आहे, परंतु तेथे आग, पूर, आजारपण यांसारखी ठोस आपत्ती दाखवावी लागते. नेहमीची आर्थिक ओढाताण आपत्तीत मोडत नाही. याउलट नेदरलँड्समध्ये १९९६ साली सुरू झालेल्या प्रिन्स क्लॉस फंडाचा ‘सीड’ पुरस्कार कारकिर्दीच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतील कलावंतांसाठी आहे. त्याची रक्कम ५,००० युरो असून ती कशी वापरायची हे कलावंत स्वतः ठरवतो. म्हणजे एकाच कलावंताला आज एक दार बंद असेल आणि वीस वर्षांनी दुसरे उघडे असेल.

व्यक्ती आणि संस्था हा भेद त्याहूनही महत्त्वाचा आहे. युनेस्कोच्या २००५ च्या सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या विविधतेविषयीच्या करारातून उभा राहिलेला आंतरराष्ट्रीय निधी एका प्रकल्पाला कमाल १,००,००० अमेरिकी डॉलर देतो, पण तो सार्वजनिक संस्था व बिगर-सरकारी संस्थांसाठी आहे. एकट्या कलावंताला तेथे अर्ज करता येत नाही. युनेस्कोच्याच २००३ च्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या कराराखालील निधीसाठी तर अर्ज सदस्य राष्ट्राने करायचा असतो. एखाद्या लोकसमूहाला त्याचा लाभ हवा असेल, तर त्याने आपल्या देशातील संस्कृती मंत्रालयाचा किंवा वारशाचे काम पाहणाऱ्या अधिकृत संस्थेचा दरवाजा ठोठावावा. परस्पर पॅरिसमधील युनेस्कोच्या मुख्यालयाला पत्रे पाठवण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

कारागिरीच्या ज्ञानासाठी एक वेगळा मार्ग आहे. ब्रिटिश म्युझियमने आर्केडिया या निधीच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू केलेला, लोप पावत चाललेल्या हस्तकौशल्यांच्या नोंदीचा उपक्रम अशा कामांना पैसा देतो, ज्यांत एखादी वस्तू कशी घडते याची छायाचित्रे, चित्रफिती आणि मुलाखती यांतून सविस्तर नोंद होते. या नोंदी पुढे सर्वांना खुल्या असलेल्या संग्रहात ठेवल्या जातात. आपले कसब जगाने पाहावे असे समूहाला वाटत असेल तर ही मोठी संधी आहे. पण एखादी प्रक्रिया घराण्याबाहेर सांगायची नसेल, तर सुरुवातीचा तिसरा, म्हणजे हक्कांचा प्रश्न इथे अर्जाच्या आधीच सोडवावा लागतो.

संधी कोठे शोधाव्यात आणि कोणत्या टाळाव्यात

कलावंतांच्या प्रवासाविषयी व देवाणघेवाणीविषयी माहिती देणारे ‘ऑन द मूव्ह’ हे जाळे, निवासी कार्यक्रमांची (कलावंताला काही काळ राहून काम करायला जागा देणाऱ्या उपक्रमांची) १९९३ पासून चालत आलेली ‘रेस आर्टिस’ ही जागतिक संघटना आणि नेदरलँड्समधील ‘ट्रान्सआर्टिस्ट्स’ची सूची, हे तीन स्रोत आधी पाहावेत. त्यांखेरीज आपल्या देशातील कला अकादमी, परदेशी दूतावासांची सांस्कृतिक केंद्रे आणि विद्यापीठांचे कला विभाग यांच्या सूचनांवर लक्ष ठेवावे. एक उपाय मला विशेष उपयोगी वाटतो : आपल्यासारखेच काम करणाऱ्या, पण आपल्यापेक्षा चार-पाच वर्षे पुढे असलेल्या कलावंतांची परिचयपत्रे वाचावीत. त्यांना कोणाकडून अनुदान मिळाले आणि ते कोठे राहून आले, याची यादी त्यात असतेच, आणि ती आपल्याला लागू पडण्याची शक्यता कोणत्याही सर्वसाधारण सूचीपेक्षा अधिक असते.

फसव्या संधी ओळखण्याची खूण अर्जशुल्कात शोधू नये, कारण प्रतिष्ठित संस्थाही छाननीच्या खर्चापोटी माफक शुल्क घेतात. खूण निवडीनंतर दिसते. एखाद्या कलादालनाकडून न मागता आलेल्या पत्रात कामाची तोंडभरून स्तुती असते, निवड झाल्याचे कळवलेले असते, आणि मग भिंतीचे भाडे, सूचीपत्रातील पान, ‘सहभाग शुल्क’ अशा नावांखाली मोठी रक्कम मागितलेली असते. अशा दालनाचे उत्पन्न चित्रांच्या विक्रीतून नव्हे, तर चित्रकारांकडून येते. मागील वर्षी भाग घेतलेल्या दोन-तीन कलावंतांना स्वतः शोधून विचारणा करावी. संस्थेने पुरवलेल्या नावांवर विसंबू नये.

कागदपत्रांचा संच कायम तयार ठेवा

मुदतीच्या आदल्या रात्री कामाची छायाचित्रे काढणे हा अनेक अर्जांचा शेवट ठरतो. कलावंताची भूमिका सांगणारे निवेदन, एक पानी व तीन पानी असे दोन परिचयपत्र, शंभर शब्दांतील ओळख आणि १० ते २० उत्तम प्रतिमा एवढे नेहमी तयार असावे. प्रत्येक प्रतिमेखाली शीर्षक, वर्ष, माध्यम आणि सेंटिमीटरमधील उंची, रुंदी व आवश्यक तेथे खोली, याच क्रमाने नोंद करावी. चित्र सपाट प्रकाशात, चौकटीच्या काचेशिवाय, कॅमेरा चित्राच्या मध्यासमोर, पृष्ठभागाला समांतर धरून टिपावे. शिल्पाच्या किंवा मांडणशिल्पाच्या बाबतीत एक प्रतिमा तरी अशी असावी जिच्यात शेजारी माणूस उभा असल्याने आकार कळेल. नृत्य, नाट्य आणि संगीताच्या परीक्षकांना पुष्कळ चित्रफिती पाहायच्या असतात, म्हणून दोन-तीन मिनिटांचा अखंड, न कापलेला तुकडा द्यावा. झपाट्याने बदलणाऱ्या दृश्यांची जोडणी दिसायला आकर्षक असते, पण तीतून सादरीकरणाची ताकद कळत नाही.

निवेदनात विशेषणे कमी आणि कृती अधिक असाव्यात. आपण काय करतो, कशापासून करतो, तो विषय का धरला आणि आता पुढचे पाऊल कोणते, एवढे सांगितले तरी पुरे.

शिफारसपत्र देणाऱ्याला किमान चार आठवडे आधी कळवावे आणि सोबत प्रकल्पाचा सारांश व संस्थेच्या अपेक्षा द्याव्यात, म्हणजे पत्र सर्वसाधारण कौतुकापुरते राहत नाही.

प्रकल्पाची मांडणी आणि अंदाजपत्रक

परीक्षक अर्ज वाचताना मजकूर आणि अंदाजपत्रक शेजारी ठेवून पाहतात. मजकुरात सहा तरुण शिकणार असतील आणि अंदाजपत्रकात पाचांचे मानधन असेल, तर अर्जदाराने विचार पूर्ण केलेला नाही असा अर्थ निघतो. म्हणून अंदाजपत्रक आधी आणि वर्णन नंतर लिहावे. क्रम उलटा वाटेल, पण खर्चाच्या ओळी लिहिताना कामाचे खरे टप्पे समोर येतात : बाहुल्या कोरायला किती आठवडे लागतील, लाकूड वाळायला किती, तालमी केव्हा सुरू होतील, पहिला प्रयोग केव्हा.

वरच्या मंडळीचे अंदाजपत्रक कसे उभे राहील ते पाहू. पहिली ओळ शिकवणाऱ्यांची : तीन ज्येष्ठ, आठवड्याला दोन दिवस, वर्षात ४० आठवडे, म्हणजे २४० अध्यापन-दिवस; त्याला एका दिवसाच्या मानधनाने गुणायचे. दुसरी ओळ शिकणाऱ्यांची : सहा तरुण, तेच ४० आठवडे, म्हणजे ४८० दिवस, इथे मानधन कमी असेल, पण शून्य नसावे, कारण बुडालेली मजुरी भरून निघाली नाही तर सर्वांत गरजू विद्यार्थी आधी गळतो. त्यानंतर साहित्य, जागा, प्रवास, नोंदींसाठी छायाचित्रण, हिशेबनीसाचे शुल्क, बँकेचे व चलन-बदलाचे आकार, आणि शेवटी आकस्मिक खर्चासाठी एकूण रकमेच्या पाच ते दहा टक्के. प्रत्येक ओळीत नग, दर आणि वेळा हे तिन्ही दिसले पाहिजेत. ‘किरकोळ खर्च’ असा ढोबळ आकडा परीक्षकाच्या नजरेला सर्वांत आधी खुपतो.

सर्वाधिक वगळली जाणारी ओळ म्हणजे कलावंताचे स्वतःचे मानधन. संकोचापायी ते लिहिले जात नाही, आणि मग अनुदान मिळूनही वर्षभर कलावंत उपाशी राहतो. काही योजनांमध्ये स्वतःच्या मानधनावर मर्यादा असते, ती पाळावी. जेथे मर्यादा नाही तेथे वाजवी दर निःसंकोच लिहावा. दर ठरवायला आधार हवा असेल, तर कॅनडातील दृश्यकलावंतांची १९६८ पासूनची कारफॅक ही संघटना आणि न्यूयॉर्कमध्ये २००८ मध्ये सुरू झालेली ‘वेज’ ही चळवळ, दोघींनी किमान मानधनाचे हिशेब प्रसिद्ध केलेले आहेत. ते आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत, पण मानधन कोणत्या कामाचे व कसे मोजायचे याची पद्धत त्यांतून शिकता येते.

एखाद्याने सभागृह विनामूल्य दिले असेल, तर त्याचे भाडे खर्चाच्या बाजूला आणि तेवढीच रक्कम वस्तुरूप साहाय्य म्हणून जमेच्या बाजूला दाखवावी. संस्थेने निम्मा वाटा अर्जदाराने उभारावा अशी अट घातली असेल, तेव्हा ही नोंद कामी येते. मात्र वस्तुरूप वाटा चालतो का, हे आधी विचारून घ्यावे.

आता सुरुवातीचा दुसरा प्रश्न : खर्च आधी कोणाच्या खिशातून? अनुदान क्वचितच एकरकमी येते. पहिला हप्ता करारानंतर, दुसरा मध्यावधी अहवालानंतर आणि शेवटचा अंतिम अहवाल मान्य झाल्यावर, अशी सर्वसाधारण पद्धत असते. काही योजनांत तर खर्च आधी करून पावत्या दाखवल्यावरच पैसे मिळतात. म्हणून महिनावार तक्ता करून कोणत्या महिन्यात किती रक्कम हातात असेल आणि किती देणे असेल हे पाहावे. ज्या महिन्यात तूट दिसते तेथे एक तर काम पुढे ढकलावे, नाही तर पहिला हप्ता मोठा मिळावा अशी विनंती करार होण्यापूर्वी करावी. अनुदानावर कर लागतो का, आणि संस्थेला परदेशातून निधी घेण्यासाठी वेगळी सरकारी नोंदणी लागते का, हे प्रत्येक देशात वेगळे असल्याने जाणकार हिशेबनीसाला अर्जाआधीच विचारावे. मंजुरी मिळूनही पैसा खात्यात घेता येत नाही, अशी वेळ यायला नको.

समूहाने अर्ज करताना

लोककलेची मंडळी अनेकदा कोठेही नोंदलेली नसते. अशा वेळी एखाद्या नोंदणीकृत संस्थेने निधी आपल्या खात्यात स्वीकारायचा आणि मंडळीला द्यायचा, अशी व्यवस्था करता येते. ती तोंडी ठेवू नये. ही यजमान संस्था व्यवस्थापनापोटी किती टक्के घेणार, हप्ता आल्यापासून किती दिवसांत मंडळीला देणार, हिशेब कोण ठेवणार, विकत घेतलेले साहित्य अखेरीस कोणाचे आणि मतभेद झाल्यास कोणापुढे जायचे, एवढे मुद्दे असलेला दोन पानी करार अर्जासोबतच तयार करावा.

समूहाच्या वतीने सही कोण करतो हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. इंग्रजी जाणणारा, संगणक हाताळणारा एखादा उत्साही सदस्य अर्ज लिहितो आणि हळूहळू तोच समूहाचा प्रतिनिधी बनतो, ज्येष्ठांना मात्र काय लिहिले गेले हे माहीतही नसते. युनेस्कोच्या अमूर्त वारसा-सूचीसाठी नामांकन करताना संबंधित समूहाची मुक्त, आधीच घेतलेली आणि माहितीपूर्ण संमती दाखवणे आवश्यक असते. माझ्या मते लहानात लहान अर्जालाही हीच कसोटी लावावी. बैठक बोलवावी, अर्ज समूहाच्या भाषेत मोठ्याने वाचावा, हरकती नोंदवाव्यात, आणि सही करता न येणाऱ्यांची संमती ध्वनिमुद्रित करावी. संमती मागे घेता येते, हेही त्याच वेळी सांगावे. कोणती गाणी ठरावीक प्रसंगीच म्हणायची, कोणता विधी बाहेरच्यांनी पाहायचा नाही, याची यादी बैठकीतच करून ती प्रकल्पातून वगळावी.

हक्कांच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक मंडळीला ठाऊक हवी. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या गाण्यावर स्वामित्वहक्काचा कायदा सहसा कोणाचा हक्क मानत नाही. परंतु त्या गाण्याचे ध्वनिमुद्रण करणाऱ्याला त्या मुद्रणावर हक्क मिळतो. परिणामी गाणारे बाजूला राहतात आणि मुद्रण करणारा मालक ठरतो. यावर दोन आधार आहेत. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६ च्या सादरीकरण व ध्वनिमुद्रणविषयक कराराने कलाकाराच्या व्याख्येत लोककलेच्या अभिव्यक्ती सादर करणाऱ्यांचाही समावेश केला आहे, म्हणून ज्या देशांनी तो स्वीकारला तेथे लोकगायकालाही सादरकर्ता म्हणून हक्क आहेत. दुसरा आधार कराराचा : मुद्रणाची प्रत समूहाकडे राहील, व्यापारी वापरासाठी वेगळी परवानगी व वेगळा मोबदला लागेल, आणि कलावंतांची नावे सर्वत्र दिली जातील, ही तीन कलमे आग्रहाने घालून घ्यावीत. संग्रहात ठेवलेल्या नोंदींवर समूहाच्या अटी सांगणाऱ्या खुणा लावण्याची पद्धत ‘लोकल कॉन्टेक्स्ट्स’ या उपक्रमाने रूढ केली आहे. संग्रहालयाशी बोलणी करताना तिचा उल्लेख जरूर करावा.

प्रदर्शनाची वाट

काही प्रदर्शनांची दारे सर्वांसाठी उघडी असतात आणि काहींची निमंत्रणानेच उघडतात. लंडनच्या रॉयल अकादमीचे उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून दरवर्षी भरत आले आहे आणि शुल्क भरून कोणीही त्यासाठी काम पाठवू शकतो. आधी प्रतिमा पाहून प्राथमिक निवड होते, मग प्रत्यक्ष कलाकृती मागवल्या जातात. अमेरिकेतील सांता फे येथे २००४ पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय लोककला बाजारासाठी जगभरातील कारागीर अर्ज करतात आणि परीक्षक मंडळ त्यांतून निवड करते. १८९५ मध्ये सुरू झालेल्या व्हेनिस द्वैवार्षिकाचे मात्र तसे नाही : मुख्य प्रदर्शनातील कलावंत क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणारा तज्ज्ञ, निवडतो आणि राष्ट्रीय दालनांचे कलावंत ती ती राष्ट्रे ठरवतात. दर पाच वर्षांनी कासेल येथे भरणाऱ्या ‘डॉक्युमेंटा’चीही निवड क्युरेटरच करतात. तेथे थेट अर्ज करण्याऐवजी लहान पण गंभीर प्रदर्शनांतून काम सातत्याने दाखवत राहणे, म्हणजे ते क्युरेटरांच्या नजरेस पडेल, हाच मार्ग आहे.

दालनाशी व्यवहार करताना कलाकृती विक्रीसाठी सोपवण्याचा करार लेखी करावा. विक्रीतला दालनाचा वाटा कित्येकदा निम्म्यापर्यंत असतो. तो जास्त वाटला तरी त्यात जागा, प्रसिद्धी व ग्राहक यांचा समावेश आहे का हे पाहून मत बनवावे. सवलत दिल्यास ती कोणाच्या वाट्यातून वजा होणार, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळणार, न विकलेले काम कोणाच्या खर्चाने परत येणार आणि दालनात असताना नुकसान झाल्यास किती भरपाई, हे चार मुद्दे राहून जातात आणि पुढे तेच भांडणाचे कारण होतात.

काम परदेशी जाणार असेल तर तांत्रिक तयारी अधिक लागते. पेटीत ठेवण्यापूर्वी प्रत्येक कलाकृतीचा स्थिती-अहवाल करावा : चारही कोपरे, मागची बाजू, पूर्वीची तडा वा डाग असल्यास त्याचे जवळून घेतलेले छायाचित्र, दिनांक आणि सही. पोहोचल्यावर यजमानाने त्याच अहवालावर तपासणी करून सही करायची आणि परतीच्या वेळी पुन्हा तसेच. विमा भिंतीवरून काम उतरवल्यापासून ते परत त्याच भिंतीवर लागेपर्यंतचा असावा. नुसता वाहतुकीचा विमा प्रदर्शनाच्या काळात उपयोगी पडत नाही. लाकडी पेट्यांना, लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या ‘आयएसपीएम १५’ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार, उष्णता-प्रक्रिया झाल्याचा शिक्का लागतो. तो नसल्यास पेटी बंदरावरच अडकते. प्रदर्शनापुरते नेऊन परत आणायच्या कामासाठी ‘एटीए कार्नेट’ हे सीमाशुल्काचे कागद उपयोगी पडतात. त्यांची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते, आणि ते विक्रीसाठी नेलेल्या मालाला लागू नाहीत. हस्तिदंत, कासवाची पाठ, पक्ष्यांची पिसे किंवा शिसवीच्या जातीचे लाकूड कलाकृतीत असेल, तर संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील ‘साइट्स’ कराराखाली परवाना लागू शकतो. जुनी वाद्ये आणि मुखवटे नेणाऱ्या मंडळ्यांनी हे निदान तीन महिने आधी तपासावे. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर अनेक देशांत बंदी वा निर्बंध आहेत.

प्रशिक्षण आणि निवासी कार्यक्रम

निवासी कार्यक्रमांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ॲमस्टरडॅमची रायक्सअकादमी निवडलेल्या कलावंतांना दोन वर्षांपर्यंत स्टुडिओ आणि निर्वाहवेतन देते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर येथे १९०७ मध्ये सुरू झालेली मॅकडॉवेल ही संस्था कलावंतांना निवासशुल्क न घेता काम करायला जागा देते. दुसऱ्या टोकाला असे कार्यक्रम आहेत, जे खोलीचे भाडे घेतात आणि त्यालाच ‘रेसिडेन्सी’ म्हणतात. त्यांत गैर काही नाही, पण ते अनुदान नव्हे, सशुल्क मुक्काम आहे, हे समजून जावे. प्रवासखर्च, भोजन, साहित्य, विमा, स्टुडिओ किती तास खुला असतो, सोबत लहान मूल आणता येते का आणि शेवटी एखादी कलाकृती संस्थेला द्यावी लागते का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

आशियाई कलावंतांना अमेरिकेत वा आशियातील दुसऱ्या देशांत जाऊन शिकण्यासाठी १९६३ मध्ये स्थापन झालेली एशियन कल्चरल कौन्सिल पाठ्यवृत्ती देते. वारशाच्या जतनासाठी रोम येथील ‘इक्रोम’ ही आंतरशासकीय संस्था अभ्यासक्रम चालवते. त्यांत आपत्तीच्या काळात सांस्कृतिक वस्तूंचा बचाव कसा करावा याचेही शिक्षण आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या अकादमीचा प्राथमिक दूरस्थ अभ्यासक्रम विनामूल्य आहे, आणि मंडळीतील निदान एका तरुणाने तो पूर्ण करावा असे मला मनापासून वाटते, कारण करार वाचता येणारा एक माणूस घरात असला की बाकीच्या सर्वांचे नुकसान टळते.

परदेशी प्रशिक्षणाला जाताना व्हिसाचा प्रकार यजमान संस्थेला लेखी विचारावा. मानधन मिळणार असेल तर पर्यटक व्हिसा अनेक देशांत चालत नाही.

अर्ज पाठवताना

मुदतीसोबत दिलेली वेळ कोणत्या देशाची आहे ते पाहून आपल्या वेळेत बदलून लिहून ठेवावे. मजकूर आधी स्वतंत्र फाइलमध्ये लिहावा, शब्दमर्यादा आहे की अक्षरमर्यादा हे तपासावे आणि प्रकल्पाची काहीही माहिती नसलेल्या एका व्यक्तीला तो वाचायला द्यावा. अर्ज दोन दिवस आधी पाठवावा. शेवटच्या तासात संकेतस्थळ संथ होते आणि उशिराचे कारण कोणीही ऐकून घेत नाही. पोचपावती जपून ठेवावी.

निर्णय आल्यानंतर

नकार आल्यास अभिप्राय मिळेल का, असे एका ओळीत विचारावे. अनेक संस्था तो देत नाहीत, ज्या देतात त्यांचा अभिप्राय पुढच्या अर्जाला फार उपयोगी पडतो. तोच अर्ज त्याच संस्थेला पुन्हा करता येतो का आणि किती काळाने, हे नियमांत पाहावे. तोपर्यंत त्याच मजकुरातून दुसऱ्या योजनेसाठी अर्ज तयार करता येतो, मात्र नव्या संस्थेच्या हेतूप्रमाणे त्याची मांडणी बदलावीच लागते.

मंजुरी आल्यास आनंदाच्या भरात लगेच सही करू नये. करारातील हप्ते, हक्क, बोधचिन्हाचा वापर आणि काम रद्द झाल्यास रक्कम परत करण्याच्या अटी वाचाव्यात, आणि न पटणारे कलम बदलण्याची विनंती करावी. पुष्कळ संस्था ती मान्य करतात. काम सुरू झाल्यावर योजना बदलावी लागली, शिकवणारा आजारी पडला, जागा गेली, तर खर्च करण्याआधी कळवून लेखी परवानगी घ्यावी. बदल बहुधा स्वीकारला जातो, न कळवता केलेला बदल मात्र पैसे परत मागण्याचे कारण ठरू शकतो. पावत्या महिन्याच्या महिन्याला क्रमांक घालून लावाव्यात आणि ज्या बाजारात पावती मिळत नाही तेथे रक्कम, दिनांक, वस्तू व विक्रेत्याची सही असलेली चिठ्ठी घ्यावी.

अंतिम अहवालात ठरवलेले आणि झालेले यांतील फरक उघडपणे लिहावा. सहापैकी चारच तरुण टिकले असतील तर तसे सांगून कारण द्यावे. अहवालाची, हिशेबाची आणि सर्व मुद्रणांची एक प्रत मंडळीकडे ठेवून बैठकीत सर्वांना दाखवावी. पुढच्या वेळी अर्ज लिहायला दुसरा सदस्य बसला, तरी त्याला नव्याने सुरुवात करावी लागणार नाही.